मराठी ऐतिहासिक कादंबरी : साधनांची शिस्त आणि कल्पनेचा अधिकार

प्रस्तावना

मराठी वाङ्मयात ऐतिहासिक साहित्याला जेवढा वाचकवर्ग लाभला तेवढा क्वचितच अन्य प्रकाराला लाभला असेल. ‘स्वामी’, ‘श्रीमान योगी’, ‘छावा’, ‘पानिपत’ या कादंबऱ्यांच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघत राहिल्या. एरवी वाचनाची विशेष आवड नसलेल्या घरांतूनही त्या आढळतात. मात्र समीक्षेने या प्रकाराला मनापासून आपले म्हटले आहे असे दिसत नाही. वाङ्मयाच्या अभ्यासकांनी त्याला ‘रम्य भूतकाळात पलायन’ म्हणून बाजूला सारले, तर इतिहासाच्या अभ्यासकांनी ‘अनैतिहासिक’ म्हणून. परिणामी या कादंबऱ्यांचे मूल्यमापन बहुधा दोन टोकांना होत राहिले. एका टोकाला त्यांतील चुकांची यादी असते आणि दुसऱ्या टोकाला अस्मितेचा गौरव असतो. या दोन्हींत कादंबरी ही कादंबरी म्हणून वाचलीच जात नाही.

या प्रश्नाला केवळ वाङ्मयीन महत्त्व आहे असे नाही. सामान्य मराठी वाचकाच्या मनातील माधवराव, संभाजी महाराज किंवा सदाशिवरावभाऊ हे प्रायः कादंबरीतून आलेले असतात. मूळ पत्रे वा संशोधनपर ग्रंथ त्याच्या हाती क्वचितच पडतात. ‘राऊ’वर आधारलेला ‘बाजीराव मस्तानी’ (२०१५) आणि ‘छावा’वर आधारलेला चित्रपट (२०२५) यांमुळे हा प्रभाव मराठी भाषेच्या सीमेपलीकडे गेला आहे. वर्गात येणारा विद्यार्थी अशी प्रतिमा मनात घेऊनच येतो. म्हणूनच ऐतिहासिक कादंबरीची गुणवत्ता कशात पाहावी, हा प्रश्न मराठीच्या आणि इतिहासाच्या अध्यापकांपुढे एकाच वेळी उभा राहतो.

प्रस्तुत लेखात मराठी ऐतिहासिक कादंबरीच्या विकासाचा आढावा एका विशिष्ट सूत्राने घेतला आहे. या कादंबरीची वाटचाल ऐतिहासिक साधनांच्या प्रकाशनाशी निगडित आहे. साधनांनी घातलेली बंधने लेखकाने गांभीर्याने घेतली तेथे कल्पनेला बळ आले. बंधने झुगारली किंवा नजरेआड केली तेथे ती सैलावली, हे या आढाव्यातून स्पष्ट करण्याचा प्रयत्न आहे.

बखर : पूर्वपरंपरा

मराठी ऐतिहासिक कादंबरीचा उगम सर वॉल्टर स्कॉटच्या अनुकरणात शोधण्याची प्रथा आहे. ‘वेव्हर्ली’ (१८१४) पासून इंग्रजीत रुजलेल्या या प्रकाराचा एकोणिसाव्या शतकातील मराठी लेखकांना परिचय होता, हे खरे. परंतु गतकाळातील व्यक्तींना बोलते करण्याची रीत मराठीत त्यापूर्वीपासून होती. ती बखरीची रीत होय. राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजी येथे कृष्णाजी अनंत सभासदाने सतराव्या शतकाच्या अखेरीस शिवचरित्र लिहिले. पुढे पानिपतच्या युद्धावर भाऊसाहेबांची बखर निर्माण झाली. या बखरींत घटनांची नोंद आहे, त्याचबरोबर संवाद, स्वभावचित्रे, प्रसंगांची नाट्यपूर्ण मांडणी आणि म्हणी-वाक्प्रचारांनी सजलेली बोलती भाषाही आहे. बखरकारापुढे ‘घडले काय’ आणि ‘सांगावे कसे’ हे दोन प्रश्न वेगळे नव्हते. धन्याच्या पराक्रमाची कथा प्रभावीपणे सांगणे हेच त्याचे कार्य होते.

बखरीने कादंबरीला दोन वारसे दिले. पहिला भाषेचा. आजही ऐतिहासिक कादंबरीतील पात्रांच्या तोंडी जी भारदस्त, फारसीमिश्रित, छोट्या वाक्यांची भाषा येते ती बखरीतून आणि पत्रव्यवहारातून उचललेली आहे. दुसरा वारसा प्रतिमेचा, आणि तो अधिक धोक्याचा आहे. संभाजी महाराजांच्या मृत्यूनंतर सव्वाशे वर्षांच्या सुमारास मल्हार रामराव चिटणीस याने बखर लिहिली. त्याचा पूर्वज बाळाजी आवजी याला संभाजी महाराजांनी देहदंड दिला होता. या बखरीने रंगविलेले व्यसनी व अविचारी राजाचे चित्र पुढील अनेक नाटककारांनी जवळजवळ जसेच्या तसे स्वीकारले. बखरकाराचा राग कोणत्या घरातून आला, हा प्रश्न त्यांनी विचारला नाही. नारायणरावाच्या खुनासंबंधी (१७७३) ‘ध’चा ‘मा’ केल्याची कथाही अशीच आहे. ती पुराव्यापेक्षा परंपरेच्या बळावर टिकली, आणि आनंदीबाईची लोकमानसातील ओळख त्या एका अक्षरात बंदिस्त झाली.

साधनांचे प्रकाशन आणि कादंबरीचा उदय

ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्ये प्रसिद्ध झाला. साताऱ्यास रेसिडेंट म्हणून राहिलेल्या या अधिकाऱ्याला मूळ कागद मुबलक पाहावयास मिळाले होते, पण त्याची दृष्टी जेत्याची होती. नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी १८६७ च्या सुमारास या ग्रंथावर केलेली टीका हा मराठी इतिहासविचारातील महत्त्वाचा टप्पा ठरतो. एका तरुण अभ्यासकाने राज्यकर्त्यांच्या इतिहासाची पुराव्याच्या आधारे झडती घ्यावी, ही घटना नवी होती. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ पासून निबंधमालेत हाच अभिमान प्रखर भाषेत मांडला. १८७८ मध्ये सुरू झालेल्या ‘काव्येतिहाससंग्रह’ मासिकाने बखरी व जुने कागद छापून काढण्यास आरंभ केला. त्याआधी १८६९ मध्ये महात्मा फुले यांनी शिवाजी महाराजांवर पवाडा रचून त्याच भूतकाळाचा वेगळा अर्थ शेतकरी व शूद्रातिशूद्रांच्या बाजूने सांगितला होता. इतिहास कोणाचा, हा वाद ऐतिहासिक कादंबरीच्या जन्माच्या वेळीच उपस्थित झाला होता, हे यावरून लक्षात येते.

रा. भि. गुंजीकर यांची ‘मोचनगड’ (१८७१) ही मराठीतील पहिली ऐतिहासिक कादंबरी ‘विविधज्ञानविस्तार’ मासिकातून प्रसिद्ध झाली. तीत काळ शिवाजी महाराजांचा आहे, परंतु गड आणि प्रमुख पात्रे काल्पनिक आहेत. ही निवड अर्थपूर्ण आहे. साधने अद्याप प्रकाशात यावयाची असताना लेखकाने थोर व्यक्तींच्या तोंडी मनचे संवाद घालण्याऐवजी काळाच्या वातावरणाचा आश्रय घेतला.

हरि नारायण आपटे यांनी हीच वाट प्रशस्त केली. त्यांची ‘म्हैसूरचा वाघ’ मेडोज टेलरच्या टिपूविषयक इंग्रजी कादंबरीवर आधारलेली होती. म्हणजे आरंभ परक्या दृष्टीच्या आधाराने झाला. परंतु ‘करमणूक’ पत्रातून १८९५ ते १८९७ या काळात प्रसिद्ध झालेल्या ‘उषःकाल’मध्ये ते स्वतःच्या भूमीवर उभे आहेत. या कादंबरीच्या केंद्रस्थानी शिवाजी महाराज नाहीत. आदिलशाहीशी निष्ठा राखणारा वृद्ध किल्लेदार रंगराव अप्पा आणि नव्या स्वराज्यकल्पनेकडे ओढला जाणारा त्याचा मुलगा नानासाहेब यांच्यातील संघर्ष हा तिचा गाभा आहे. खाल्ल्या मिठाला जागणे हा बापाचा धर्म, आणि त्या मिठाची किंमत विचारणे हा मुलाचा. दोघांपैकी कोणीही क्षुद्र नाही. एका युगातून दुसऱ्या युगात जाताना सामान्य घरात काय मोडते, हे हरिभाऊंनी येथे दाखविले. स्वराज्याचा उदय नंतर झाला हे वाचकाला ठाऊक आहे. रंगराव अप्पांना ते ठाऊक नाही. या अंतरातून निर्माण होणारी करुणा हे ऐतिहासिक कादंबरीचे खास सामर्थ्य असून मराठीत ते प्रथम ठळकपणे ‘उषःकाल’मध्ये प्रकटले.

हरिभाऊंनी पुढे ‘गड आला पण सिंह गेला’, ‘सूर्योदय’, ‘वज्राघात’ अशा कादंबऱ्या लिहिल्या. विजयनगरच्या अस्ताची कथा सांगणारी ‘वज्राघात’ मराठी राज्याच्या परिघाबाहेर जाते, हे तिचे वैशिष्ट्य. त्यांच्या कादंबऱ्यांतील योगायोग, वेषांतरे, भुयारे आणि लांबलेली रहस्ये आजच्या वाचकाला खटकतात. क्रमशः प्रसिद्धीची ती गरज होती. पण ‘उषःकाल’ वाचताना ती भुयारे विसरली जातात आणि बापलेकांचा पेच लक्षात राहतो.

याच सुमारास १८९८ मध्ये वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड प्रसिद्ध केला. १७५० ते १७६१ या काळातील पत्रांचा हा खंड. त्याच्या प्रस्तावनेत राजवाड्यांनी ग्रँट डफबरोबर बखरींचीही कठोर तपासणी केली. समकालीन पत्र आणि उत्तरकालीन बखर यांची प्रतवारी त्यांनी स्पष्ट केली. पुढे साधनांचे बावीस खंड, वासुदेवशास्त्री खरे यांचा ऐतिहासिक लेखसंग्रह, १९१० मध्ये स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ, गो. स. सरदेसाई यांची रियासत आणि त्यांनी संपादित केलेले पेशवे दप्तराचे पंचेचाळीस खंड यांमुळे कादंबरीकारापुढील परिस्थितीच बदलली. आता इतिहासप्रसिद्ध व्यक्तीचा एकेक दिवस कागदात सापडू लागला.

विस्मयाची गोष्ट अशी की या समृद्धीचा लाभ कादंबरीने लगेच उचलला नाही. नाथमाधव यांची स्वराज्यविषयक कादंबरीमाला आणि वि. वा. हडप यांची कादंबरीमय पेशवाई यांनी इतिहासाची गोडी दूरवर पोहोचविली. त्यांचे लोकशिक्षणाचे कार्य मोठे आहे. तथापि घटनांची कथारूप मांडणी एवढ्यावरच त्यांचा भर राहिला. पत्रांतून दिसणारा माणूस कादंबरीत यावयास आणखी काही दशके जावी लागली.

‘स्वामी’ आणि ‘श्रीमान योगी’

मराठीतील पहिले ऐतिहासिक नाटक म्हणजे विनायक जनार्दन कीर्तने यांचे ‘थोरले माधवराव पेशवे’ (१८६१). त्यानंतर शंभर वर्षांनी, १९६२ मध्ये, रणजित देसाई यांनी त्याच पुरुषावर ‘स्वामी’ लिहिली. १९६४ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला लाभला, आणि मराठीत ऐतिहासिक कादंबरीची नवी लाट आली.

माधवरावांचे चरित्र कादंबरीला अनुकूल आहे. पानिपतच्या पराभवानंतर सोळाव्या वर्षी हाती आलेली पेशवाई, १७६२ मध्ये आळेगावी काकांपुढे पत्करलेली शरणागती, १७६३ मध्ये राक्षसभुवनावर निजामावर मिळविलेला विजय, १७६८ मध्ये धोडपला रघुनाथरावांचा केलेला बंदोबस्त, हैदरवरील मोहिमा, कर्जाचे ओझे, आणि १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला क्षयाने आलेला मृत्यू. अवघ्या अकरा वर्षांचा हा कारभार आहे. देसाई यांनी या चरित्रातून कर्तव्य आणि भावना यांच्या ओढाताणीत सापडलेला तरुण उभा केला. ज्याला आवरावयाचे तो काकाच आहे, ज्याला शिक्षा करावयाची तो आपल्याच रक्ताचा आहे, हा पेच त्यांनी हळुवारपणे रंगविला. रघुनाथराव केवळ खलपुरुष होत नाहीत, ही ‘स्वामी’ची मोठी जमेची बाजू आहे. माधवराव व रमाबाई यांच्या सहजीवनाविषयी कागदांत फार थोडे सापडते. तेथे देसाई यांच्या कल्पनेला रास्त अवकाश मिळाला आणि तो त्यांनी तरलतेने भरून काढला.

‘स्वामी’ची मर्यादाही याच ठिकाणी आहे. घरगुती भावविश्व एवढे व्यापक होते की राज्य चालविण्याचे काम पार्श्वभूमीला जाते. माधवरावांची थोरवी इतिहासकारांना दिसली ती प्रामुख्याने करडी न्यायव्यवस्था, सैन्याची शिस्त आणि वसुलीचा बंदोबस्त यांत. कादंबरीत ही थोरवी आदराच्या रूपाने येते. तिची किंमत कोणी कशी मोजली, हे तेवढे येत नाही. रमाबाईंच्या सहगमनाचे उदात्त चित्र हा कादंबरीचा शेवट आहे. घटना ऐतिहासिक आहे, तिला टाळता येणार नाही. प्रश्न तिच्याकडे पाहण्याचा आहे. अठराव्या शतकातील व्यक्तींनी तिला पुण्य मानले असेल. परंतु विसाव्या शतकातील कादंबरीच्या निवेदकानेही त्याच भक्तिभावात विरघळून जावे, तेव्हा इतिहासाकडे पाहण्याचे अंतर नाहीसे होते. पात्राची श्रद्धा आणि निवेदकाची श्रद्धा एक झाली की कादंबरी पुन्हा बखरीच्या जवळ सरकते.

‘श्रीमान योगी’ (१९६८) या कादंबरीपुढील अडचण निराळी होती. शिवाजी महाराजांविषयी साधने अनेक, परस्परविरोधी, आणि लोकमानसातील प्रतिमा अढळ. नरहर कुरुंदकर यांचे दीर्घ पत्र या कादंबरीला प्रस्तावना म्हणून जोडले गेले, ही मराठी वाङ्मयातील एक विशेष घटना मानावी लागेल. शिवचरित्राच्या साधनांचा आणि त्यांतून उभ्या राहणाऱ्या व्यक्तीचा असा ऊहापोह कादंबरीच्या दारातच व्हावा, हे अपूर्व होते. दोन्ही एकत्र वाचल्यावर जाणवते ते असे, की प्रस्तावनेतील शिवाजी हा प्रश्नांना सामोरा जाणारा, पर्याय तोलणारा राज्यकर्ता आहे. कादंबरीतील शिवाजी मात्र अनेकदा उत्तरे आधीच ठाऊक असलेला आदर्श पुरुष होतो. विचारवंताने खुला ठेवलेला प्रश्न कादंबरीकाराने भक्तीने मिटविला. विराट पुरुषाला नायक करण्यातील जोखीम येथे स्पष्ट होते, आणि हरिभाऊंनी त्याला पार्श्वभूमीला ठेवण्यात दाखविलेले शहाणपणही.

बदनाम व्यक्तींची फेरतपासणी

ना. सं. इनामदार यांनी वेगळा मार्ग निवडला. लोकांनी ज्यांना आधीच दोषी ठरविले होते अशा व्यक्ती त्यांनी उचलल्या. ‘झेप’ (१९६३) मध्ये त्रिंबकजी डेंगळे, ‘झुंज’ (१९६६) मध्ये यशवंतराव होळकर, ‘मंत्रावेगळा’ (१९६९) मध्ये दुसरा बाजीराव, तर ‘शहेनशहा’ (१९७०) मध्ये औरंगजेब. त्रिंबकजीची प्रतिमा ब्रिटिश रेसिडेंटांच्या खलित्यांतून घडलेली होती. १८१५ मध्ये पंढरपुरास गंगाधरशास्त्र्यांचा खून झाला, त्याचा ठपका त्रिंबकजीवर आला. ठाण्याच्या कैदेतून तो निसटला, पुन्हा पकडला गेला आणि चुनारच्या किल्ल्यात त्याचा अंत झाला. जासूदाच्या साध्या पदावरून कारभारी झालेल्या या माणसाविषयी जे लिहून ठेवले गेले ते बहुतांशी त्याच्या शत्रूंनी. साधन कोणी, कोणत्या हेतूने लिहिले, हा संशोधकाचा प्रश्न इनामदारांनी कादंबरीच्या रचनेचा पाया केला. मराठी ऐतिहासिक कादंबरीच्या विकासातील हे महत्त्वाचे पाऊल होय.

अर्थात फेरतपासणीचे रूपांतर वकिलीत होण्यास वेळ लागत नाही. ‘मंत्रावेगळा’ वाचताना दुसऱ्या बाजीरावाची बाजू समजते, त्याच्याविषयी सहानुभूतीही वाटते. परंतु त्याच्या कारभारात रयतेने काय सोसले याचा जाब तेवढ्या आग्रहाने विचारला जात नाही. कलंक धुऊन काढण्याच्या उत्साहात डागाखालचे कापड दुर्लक्षित राहते.

शिवाजी सावंत यांची ‘छावा’ (१९७९) याच प्रवाहात येते. वा. सी. बेंद्रे यांनी दीर्घ परिश्रमांनंतर १९६० मध्ये प्रसिद्ध केलेले संभाजी महाराजांचे चरित्र आणि १९७१ मधील कमल गोखले यांचा ‘शिवपुत्र संभाजी’ हा ग्रंथ यांनी चिटणीशी चित्र पुराव्यानिशी मोडून काढले होते. संशोधनाने जे विद्वानांपर्यंत नेले ते ‘छावा’ने घराघरांत नेले, हे तिचे ऐतिहासिक श्रेय. संशोधनाची फलिते लोकमानसात रुजविण्याचे कार्य कादंबरी किती प्रभावीपणे करू शकते, याचे याहून ठळक उदाहरण मराठीत नाही. पण संभाजी महाराजांच्या आयुष्यातील सर्वांत अवघड क्षण म्हणजे १६७८ च्या अखेरीस दिलेरखानाकडे जाणे. या निर्णयाचा अर्थ दरबारी कटकारस्थानांच्या संदर्भात लावण्याकडे कादंबरीचा कल आहे. त्यामुळे चूक करण्याचा आणि त्या चुकीतून घडण्याचा नायकाचा हक्क काहीसा हिरावला जातो. व्यसनी राजपुत्राच्या जागी निष्कलंक राजपुत्र आला. प्रतिमा उलटली, तिचा एकरंगीपणा तसाच राहिला. १६८९ मध्ये मृत्यूला ज्या धैर्याने सामोरा गेला तो पुरुष आधी चुकला होता, असे मानल्याने त्याचे धैर्य उणे होत नाही. उलट ते अधिक मानवी होते.

पानिपत : एकाच घटनेची तीन वाचने

१४ जानेवारी १७६१ ची घटना मराठी मनाला जेवढी बोचत राहिली तेवढी क्वचितच दुसरी बोचली असेल. त्यामुळे या विषयावरील लेखनातून साहित्याचा विकास जवळून पाहता येतो. भाऊसाहेबांच्या बखरीत पानिपत ही दैवगती आणि थोरांच्या आपसांतील रुसव्याफुगव्यांची कथा आहे. तिचे सामर्थ्य संवादांत आहे. कारणमीमांसा स्वभावदोषांपाशी थांबते.

इनामदारांची ‘शिकस्त’ (१९८३) हीच घटना सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाई यांच्या बाजूने पाहते. भाऊ मेले यावर पार्वतीबाईंनी विश्वास ठेवला नाही आणि वैधव्य स्वीकारले नाही. पुढे भाऊंच्या तोतयाचे प्रकरण उद्भवले. युद्धाच्या कागदांत स्त्रियांना फारशी जागा नाही. ही रिकामी जागा कल्पनेने भरावयाची तर कशी, याचे ‘शिकस्त’ हे चांगले उदाहरण आहे. तेथे कल्पना पुराव्याविरुद्ध जात नाही. पुरावा ज्या दारापाशी थांबतो ते दार ती उघडते. युद्ध एका दिवसात संपले, पण शनिवारवाड्यातील एका स्त्रीसाठी ते अनेक वर्षे संपले नाही, हे सत्य रणांगणाच्या वर्णनातून हाती आले नसते. पतीमागे चितेवर जाणाऱ्या रमाबाईंपेक्षा कुंकू न पुसता वाट पाहणाऱ्या पार्वतीबाई कादंबरीला अधिक कठीण प्रश्न विचारतात.

विश्वास पाटील यांची ‘पानिपत’ (१९८८) त्र्यं. शं. शेजवलकरांच्या ‘पानिपत : १७६१’ (१९६१) या ग्रंथानंतरची आहे, आणि तो फरक पानोपानी जाणवतो. येथे पराभवाचे कारण कोणाच्या अहंकारात शोधलेले नाही. लढवय्यांबरोबर चाललेले बिनलढाऊ लोक, यात्रेकरू, बाजार. यमुनेच्या पुराने अडलेली हालचाल. १७६० च्या ऑक्टोबरात अब्दालीने बागपतला नदी ओलांडल्यावर तुटलेली दक्षिणेची वाट. गोविंदपंत बुंदेल्यांकडून मागविलेला पैसा व रसद, आणि डिसेंबरात त्यांच्या मृत्यूने संपलेली ती आशा. थंडी, वैरणीचा तुटवडा, उपासमार. अडीच महिने दोन सैन्ये समोरासमोर बसून होती आणि भूक निर्णय घेत होती. भाऊंच्या पत्रांतील वाढती निकड कादंबरीची लय ठरविते. मराठी ऐतिहासिक कादंबरीत रसद हा विषय प्रथमच नायकाइतका महत्त्वाचा झाला. पाटील यांच्या कादंबरीत संवादांचा फापटपसारा आहे, भाऊंना न्याय मिळवून देण्याचा आवेश काही ठिकाणी निवेदनावर स्वार होतो, हे नाकारता येणार नाही. तरीही पराभवाला भावनेतून सोडवून कारणांच्या साखळीत बसविण्याचे तिचे कार्य मोलाचे आहे. साधनांची शिस्त कल्पनेला कशी समृद्ध करते, याचा पुरावा ‘पानिपत’मध्ये मिळतो.

मर्यादा आणि एक वेगळा प्रयोग

या सर्व परंपरेची एक समान मर्यादा दिसते. दप्तरे राज्यकर्त्यांची, म्हणून नायक राज्यकर्ते. कुणबी, बलुतेदार, गडावरचे महार-रामोशी, छावणीतील बटकी, घोड्यांचे खिदमतगार यांच्याविषयी कागद बोलतात ते बहुधा हिशेबापुरते. कादंबरीनेही त्यांना सहसा निष्ठावान सेवक किंवा गर्दी म्हणूनच वापरले. फुल्यांनी १८६९ मध्ये उपस्थित केलेल्या प्रश्नाला ऐतिहासिक कादंबरीने पुरेसे उत्तर दिलेले नाही.

या पार्श्वभूमीवर नंदा खरे यांची ‘अंताजीची बखर’ (१९९७) आणि तिचा पुढील भाग ‘बखर अंतकाळाची’ (२०१०) यांचे महत्त्व ध्यानात येते. अंताजी हा काल्पनिक, सामान्य, बराचसा स्वार्थी आणि कमालीचा चौकस माणूस आहे. तो स्वतःची बखर स्वतः लिहितो. मोठ्या माणसांची मोठी कारणे त्याच्या दृष्टीच्या टप्प्यात येतात तेव्हा लहान दिसू लागतात. बंगालवरील मराठ्यांच्या स्वाऱ्या लुटलेल्यांच्या बाजूनेही पाहाव्या लागतात. जिच्यातून ही परंपरा सुरू झाली ती बखर येथे उपरोधाने परत आली आहे. धन्याच्या गौरवासाठी निर्माण झालेला घाट चाकराच्या साक्षीसाठी वापरला गेला. या कादंबऱ्यांना ‘स्वामी’ची लोकप्रियता लाभली नाही, परंतु गुंजीकर व हरिभाऊ यांनी काल्पनिक पात्राच्या द्वारे इतिहासात शिरण्याचा जो मार्ग दाखविला होता त्याचे तर्कशुद्ध पुढचे टोक येथे गाठले गेले आहे.

गुणवत्तेचे निकष

वरील विवेचनातून काही निकष हाती येतात. ऐतिहासिक कादंबरीत तारखांच्या चुका किती, हा निकष आवश्यक असला तरी प्राथमिक आहे. अचूक तारखांची निर्जीव कादंबरी असू शकते. त्यापुढे पाहावयाचे ते असे, की लेखकाने अडचणीचा पुरावा कादंबरीत राहू दिला आहे काय. नायकाला गैरसोयीचे पत्र, त्याच्या हातून झालेला अन्याय, विरोधकाची रास्त बाजू या गोष्टी ज्या कादंबरीत टिकतात ती साधनांशी प्रामाणिक असते, मग तिने शंभर काल्पनिक संवाद घातलेले असोत.

पात्राला त्याचे भविष्य अज्ञात ठेवले आहे काय, हेही पाहिले पाहिजे. आळेगावी शरण जाणाऱ्या माधवरावांना राक्षसभुवन ठाऊक नव्हते, दिल्लीत शिरणाऱ्या भाऊंना पानिपत ठाऊक नव्हते. निर्णयाचा क्षण वाचकाला खरोखर अनिश्चित वाटला तरच इतिहास जिवंत होतो. तसेच कल्पनेने पुराव्याच्या रिकाम्या जागा भरल्या की पुरावाच पुसला, याचा विचार करावा लागतो. ‘शिकस्त’मधील पार्वतीबाई पहिल्या प्रकारात येतात, ‘ध’चा ‘मा’ दुसऱ्या. भाषेच्या बाबतीतही हीच कसोटी लावता येईल. पत्रांतील भाषा माणसाचा स्वभाव आणि काळाचा व्यवहार उघड करते, तेव्हा ती आवश्यक असते. केवळ भारदस्तपणाचा पोषाख म्हणून येते, तेव्हा ती नाटकी होते.

अध्यापनाच्या दृष्टीने यातून एक सोपी दिशा सुचते. ऐतिहासिक कादंबरी अभ्यासक्रमात असेल तर तिच्या शेजारी एखादे अस्सल पत्र आणि बखरीतील तोच प्रसंग ठेवावा. पानिपतच्या छावणीतील रसदेविषयीचे एक पत्र, बखरीतील तेवढाच भाग आणि विश्वास पाटील यांचे एक प्रकरण एकत्र वाचले, तर तीन प्रकारची सत्ये तीन प्रकारांनी कशी बोलतात हे विद्यार्थ्याला आपोआप उमगते. मराठी आणि इतिहास या दोन विभागांनी हे काम मिळून करण्यासारखे आहे. कादंबरीवर विश्वास ठेवू नका, असे विद्यार्थ्याला सांगून भागत नाही. तिच्यावर कोठे आणि का विश्वास ठेवावा, हे त्याला शिकवावे लागते.

समारोप

बखरीपासून ‘बखर अंतकाळाची’पर्यंतचा हा प्रवास पाहता मराठी ऐतिहासिक साहित्याने समाजाला गतकाळाची ओळख, भाषेचे वैभव आणि पराभवाच्या काळात धीर दिला, हे निर्विवाद आहे. ‘उषःकाल’मधील बापलेक, ‘स्वामी’तील काका-पुतणे, ‘झेप’मधील बदनाम कारभारी, ‘शिकस्त’मधील वाट पाहणारी स्त्री आणि ‘पानिपत’मधील उपाशी छावणी ही या परंपरेची खरी मिळकत होय. या सर्व ठिकाणी लेखकाने इतिहासाला नमस्कार करून न थांबता त्याला प्रश्न विचारले आहेत. जेथे नमस्कार हेच ध्येय झाले तेथे कादंबरी खपली, पण तिने वाचकाला पूर्वीपेक्षा शहाणे केले नाही. इतिहासातील व्यक्तींवरून आज समाजात भावना सहज पेटतात. अशा वेळी चुकू शकणारा, शंका घेणारा, भविष्य न जाणणारा माणूस भूतकाळात दाखविणे हे कादंबरीचे काम अधिक निकडीचे झाले आहे. त्या कामाची कसोटी लोकप्रियतेवर किंवा केवळ तारखांच्या अचूकतेवर लागणार नाही. गैरसोयीचा कागद समोर आल्यावर लेखकाने काय केले, यावर ती लागेल.